रेघ पुसली जाऊ नये म्हणून



आपल्या वस्त्यांमधील कितीतरी मुले-मुली आता नकाशे काढण्याच्या कामाला लागली आहेत. कोणी जळगावच्या, कोणी धुळ्याच्या आयटीआयमधून आरेखकाचा, म्हणजे ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला. कोणी पॉलिटेक्निकमधून स्थापत्य किंवा यांत्रिकीची पदविका घेतली. बाप हमाली करतो, आई डाळमिलमध्ये जाते किंवा चटईच्या कारखान्यात पाळी करते, आणि मुलगी संगणकावर तीन मजली इमारतीचा जिना काढते. ज्यांच्या आजोबांना गावात चांगले घर बांधायची मुभा नव्हती, त्यांची नातवंडे आज दुसऱ्यांच्या घरांचे आराखडे करतात. ही लहान गोष्ट नाही.

पण या कामातले एक दुखणे असे आहे, की ते मुलांना सांगता येत नाही आणि आई-वडिलांना कळत नाही. मुलगा संध्याकाळी घरी येतो, ताटावर बसत नाही, कोणाशी बोलत नाही. आई विचारते, “काय व्हयनं?” तो म्हणतो, “फाइल सेव्ह नाही झाली.” आईला वाटते, एवढेच ना? उद्या कर परत. तिला कळावे म्हणून सांगतो. माय, तू दिवसभर निवडलेली डाळ संध्याकाळी मुकादमाने मातीत ओतली आणि वर तुलाच बोल लावला, तर तुझ्या जिवाचे जे होईल, तेच त्याचे झाले आहे.

पूर्वी हे काम ट्रेसिंग पेपरवर व्हायचे. टी-स्क्वेअर लावून शाईच्या पेनाने रेघ ओढायची, चुकली तर ब्लेडने हलकेच खरवडायची. कागद फाटला तर डोळ्यांना दिसायचा. १९८२ साली अमेरिकेत ऑटोकॅड नावाची संगणकप्रणाली निघाली आणि पुढे हळूहळू जगभरातील ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकले. आता रेघ सरळ येते, मोजमाप बिनचूक येते, पण काम कुठे ठेवले गेले, ठेवले गेले की नाही, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रेघ काढायला शिकणे हे अर्धे शिक्षण, आणि काढलेली रेघ जपायला शिकणे हे उरलेले अर्धे.

मजुरी जाते, नावही जाते

आमच्या विहारात रविवारी वंदनेला येणारी एक मुलगी आहे. आरेखक स्थापत्यचे प्रमाणपत्र घेऊन ती जळगावातील एका सल्लागार अभियंत्याच्या कार्यालयात लागली. एके दिवशी सकाळी तिने एका बंगल्याचा नकाशा उघडला, दिवसभर दारे-खिडक्या बसवल्या, मोजमापे टाकली. संध्याकाळी सेव्ह करायला गेली तर संगणकाने इंग्रजीत सांगितले की ही फाइल लिहिण्यासाठी बंद आहे. तिने दोन-तीनदा खटपट केली. कार्यालय बंद करायची वेळ झाली होती, वरिष्ठ घाई करत होते. घाबरून तिने ते बंद केले आणि दिवसाचे काम गेले.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी सगळ्यांसमोर ऐकवले. काय ऐकवले असेल, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. दुसऱ्या कोणाची फाइल गेली तर संगणक बिघडलेला असतो, आपल्या लेकराची गेली तर ‘कोटा’ आठवतो. मुलगी दोन दिवस कामावर गेली नाही. तिची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, “दादा, हिला समजावा. नाहीतर ही घरी बसेल.”

मला ऑटोकॅड येत नाही. मी हिशेब ठेवणारा कारकून. पण धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत फॅब्रिकेशनची ड्रॉइंग करणारा आपला एक तरुण माझ्या ओळखीचा आहे. रविवारी त्याला बोलावले. त्याने मुलीला एकच प्रश्न विचारला, “ताई, सकाळी फाइल उघडताना काही विचारलं होतं का?” मुलीला आठवले. एक चौकट आली होती, तिने ‘येस’ दाबले होते. त्या चौकटीत लिहिलेले असते की ही फाइल दुसऱ्या कोणाकडे उघडी आहे, तुम्हाला फक्त वाचण्यासाठी उघडायची आहे का? कार्यालयातल्या सामाईक संगणकावरची ती फाइल वरिष्ठांनी स्वतःच आपल्या टेबलावर उघडून ठेवली होती. मुलीला मिळाली ती फक्त वाचायची प्रत. तिने ‘सेव्ह ॲज’ करून दुसरे नाव दिले असते तर एक रेघही गेली नसती.

सोमवारी मुलगी कामावर गेली. वरिष्ठांना तिने शांतपणे कारण सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण त्या कार्यालयात आता नियम झाला आहे, की सामाईक फाइल उघडण्याआधी कोणाकडे उघडी आहे का ते विचारायचे. नियम तिने लिहून भिंतीला लावला आहे.

त्या तरुणाला मी म्हटले, हे सगळे नीट सांग, आपल्या पानावर लिहून टाकू. त्याने दोन रविवार बसून समजावले. खाली लिहितो आहे ते मुख्यतः त्याच्याकडून शिकलेले आहे.

सेव्ह म्हणजे नेमके काय होते?

आई-वडिलांसाठी आधी सोप्या भाषेत सांगतो. दुकानात दिवसभर कच्च्या कागदावर आकडे मांडतात आणि मग रोजकीर्दीत पक्की नोंद करतात. संगणकाच्या पडद्यावर जे दिसते ते कच्च्या कागदावरचे. वीज गेली की तो कागद उडाला. ‘सेव्ह’ केले म्हणजे पक्क्या वहीत नोंद झाली.

आता मुलांसाठी. सेव्ह म्हटल्यावर ऑटोकॅड जुन्या फाइलवर थेट लिहीत नाही. आधी ती शेजारी एक तात्पुरती फाइल लिहिते. ती पूर्ण झाली की जुन्या फाइलची शेपटी बदलून तिला ‘बॅक’ (बीएके) करते आणि नव्या फाइलला मूळ नाव व ‘डीडब्ल्यूजी’ ही शेपटी देते. हा क्रम लक्षात ठेवा. सेव्ह न होण्याची बहुतेक कारणे याच क्रमात सापडतात. लिहायला जागा हवी, त्या फोल्डरमध्ये नाव बदलायची परवानगी हवी, आणि फाइल दुसऱ्या कोणी धरून ठेवलेली नको. या तीनपैकी एक अडले की सेव्ह अडले.

सेव्ह का होत नाही?

पहिले कारण, फाइल दुसरीकडे उघडी असणे. वर सांगितले तेच. ऑटोकॅड फाइल उघडली की शेजारी ‘डीडब्ल्यूएल’ शेपटीची एक छोटी फाइल तयार होते. ती दाराला लावलेल्या कुलपासारखी असते. ‘हूहॅज’ हा आदेश दिला की फाइल कोणाकडे उघडी आहे ते कळते. कधी संगणक मध्येच बंद पडतो आणि कुलूप तसेच राहते. कोणाकडेच फाइल उघडी नाही याची पक्की खात्री करूनच ती छोटी फाइल काढून टाकावी.

दुसरे कारण, जागा संपणे. नवी फाइल पूर्ण लिहून होईपर्यंत जुनी तशीच असते, म्हणजे दोघींना जागा लागते. कार्यालयातल्या जुन्या संगणकाचा ‘सी’ ड्राइव्ह लग्नाच्या फोटोंनी आणि सिनेमांनी भरलेला असतो. तेथे काही जागा मोकळी ठेवलीच पाहिजे, कारण तात्पुरत्या फाइली सहसा तेथेच जातात.

तिसरे कारण, पेन ड्राइव्ह. आपली मुले हे सर्रास करतात. पेन ड्राइव्ह लावायचा, त्यातलीच फाइल उघडायची, त्यातच सेव्ह करायची आणि बस पकडायच्या घाईत उपटून न्यायचा. लिहिणे पूर्ण झालेले नसते आणि फाइल अर्धवट राहते. नियम असा ठेवा की फाइल आधी संगणकावर उतरवायची, काम करायचे, सेव्ह करायचे, ऑटोकॅड बंद करायचे, मग प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि ‘इजेक्ट’ करूनच काढायचा.

चौथे कारण, नाव. विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरपी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरणचिन्ह अशी काही चिन्हे चालत नाहीत. आपण तारीख लिहिताना १४/०४ असे लिहितो. ते नावात बसत नाही. १४-०४ असे लिहा. शिवाय फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी फोल्डर, आणि प्रत्येकाला लांबलचक नाव, असे केले की फाइलचा पूर्ण पत्ता फार लांबतो. विंडोजची जुनी मर्यादा सुमारे २६० अक्षरांची आहे. त्यापलीकडे गेले की सेव्ह नाकारले जाते आणि कारण काही समजत नाही. नावे आटोपशीर ठेवा.

पाचवे कारण, परवानगी. काही फोल्डर फक्त मालकाच्या किंवा मुख्य संगणकचालकाच्या नावावर असतात. तेथे वाचता येते, लिहिता येत नाही. कधी फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रीड ओन्ली’ची खूण असते. ई-मेलने आलेली किंवा झिप फाइलच्या आत असलेली फाइल तेथूनच उघडली तरी असेच होते. आधी ती बाहेर काढून आपल्या फोल्डरमध्ये ठेवा, मग उघडा.

सहावे कारण, मध्ये हात घालणारे. इंटरनेटवर आपोआप प्रत पाठवणारी सोय, जसे वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह, किंवा व्हायरस तपासणारी प्रणाली, नेमकी सेव्हच्या क्षणी फाइल धरून बसते. ऑटोकॅडला नाव बदलता येत नाही. काम चालू असलेला फोल्डर अशा सोयीच्या बाहेर ठेवावा आणि संध्याकाळी पूर्ण झालेल्या फाइलची प्रत तेथे टाकावी. अशा अडचणीत कधीकधी त्याच फोल्डरमध्ये ‘टीएमपी’ शेपटीची फाइल पडलेली आढळते. तिची प्रत काढून शेपटी ‘डीडब्ल्यूजी’ करून पाहा. पुष्कळदा त्यातच काम सापडते.

सातवे कारण, नकाशाच आतून खराब होणे. इकडून-तिकडून तुकडे आणून चिकटवले की नको तो कचरा बरोबर येतो. चार खोल्यांचा नकाशा आणि फाइल मात्र पोत्यासारखी फुगलेली. ‘ऑडिट’ आदेश द्या, चुका दुरुस्त करायच्या का असे विचारले की हो म्हणा. मग ‘पर्ज’ करून न वापरलेले थर, ठोकळे, अक्षरांच्या शैली काढून टाका. फाइल उघडतच नसेल तर नवे कोरे ड्रॉइंग उघडून ‘रिकव्हर’ आदेशाने ती उघडून पाहा. तरीही सेव्ह होत नसेल तर ‘डब्ल्यूब्लॉक’ आदेशाने सगळी चित्रे निवडून वेगळ्या नव्या फाइलमध्ये काढा. फुटक्या मडक्यातले धान्य नव्या मडक्यात ओतावे तसे.

आणखी एक गंमत. कधी सेव्ह किंवा ओपन म्हटले की नेहमीची चौकट येतच नाही, खाली नुसती एक ओळ येते. मुलांना वाटते प्रणाली बिघडली. बिघडलेले काही नसते. ‘फाइलडिया’ असे टाइप करा आणि किंमत १ द्या. चौकट परत येते.

“तुमची फाइल उघडत नाही”

आपल्या संगणकावर सेव्ह झाली, पण समोरच्याकडे उघडत नाही, हा दुसरा ताप. शहरातला वास्तुविशारद नवी आवृत्ती वापरतो, तालुक्याच्या ठिकाणचा जुनी. ‘डीडब्ल्यूजी’ ही शेपटी सगळ्यांची एकच, पण आतली बांधणी बदलत गेली. २००० ची, २००४ ची, २००७ ची, २०१० ची, २०१३ ची आणि २०१८ ची बांधणी वेगवेगळी आहे. २०१३ ची बांधणी २०१७ च्या आवृत्तीपर्यंत चालली, २०१८ ची त्यापुढच्या अनेक आवृत्त्यांना चालते. नवी आवृत्ती जुनी फाइल उघडते. जुनी आवृत्ती नवी फाइल उघडत नाही.

फाइल कोणत्या बांधणीची आहे हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. फाइलची प्रत काढा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. पडद्यावर नुसती निरर्थक अक्षरे दिसतील, पण अगदी सुरुवातीला सहा अक्षरे वाचता येतात. एसी१०१५ असेल तर २००० ची, एसी१०१८ म्हणजे २००४, एसी१०२१ म्हणजे २००७, एसी१०२४ म्हणजे २०१०, एसी१०२७ म्हणजे २०१३ आणि एसी१०३२ म्हणजे २०१८ ची बांधणी. नोटपॅडमध्ये काहीही सेव्ह करू नका, तसेच बंद करा.

दुसऱ्याकडे फाइल पाठवताना ‘सेव्ह ॲज’मध्ये खालच्या यादीतून जुनी बांधणी निवडा. ‘ऑप्शन्स’च्या ‘ओपन अँड सेव्ह’ पानावर ती कायमचीही ठरवता येते. आपल्याकडे नवी फाइल आली आणि उघडत नसेल तर ‘डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू’ ही ऑटोडेस्क कंपनीचीच मोफत प्रणाली फाइल जुन्या बांधणीत बदलून देते. बांधकाम परवानगीचे किंवा ठेकेदाराचे काम असेल तर समोरच्याला कोणती आवृत्ती लागते ते आधीच विचारून घ्यावे.

सेव्ह अडले, आता काय?

सर्वांत महत्त्वाचे, घाबरून बंद करू नका. पडदा चालू आहे तोवर काम जिवंत आहे. पुढील क्रम वहीत लिहून ठेवा.

एक, पडद्यावर जो संदेश आला तो वाचा आणि मोबाइलने त्याचा फोटो काढा. इंग्रजी समजले नाही तरी नंतर कोणाला दाखवता येईल.

दोन, ‘सेव्ह ॲज’ करून नवे नाव द्या आणि जागा बदला. डेस्कटॉपवर किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर.

तीन, तेही झाले नाही तर सगळे निवडून ‘कॉपी’ करा, नवे कोरे ड्रॉइंग उघडा, त्यात चिकटवा आणि ते सेव्ह करा.

चार, वीज गेली किंवा संगणक अडकून बंद पडला, तर पुन्हा सुरू केल्यावर ‘ड्रॉइंग रिकव्हरी मॅनेजर’ नावाचा रकाना येतो. त्यात मूळ फाइल, बॅक फाइल आणि आपोआप ठेवलेली फाइल यांची वेळ दिलेली असते. ज्यात जास्त काम आहे ती निवडा.

पाच, रकाना आला नाही तर स्वतः शोधा. आपोआप ठेवलेल्या फाइलची शेपटी ‘एसव्ही’ आणि पुढे डॉलरचे चिन्ह अशी असते. ती कोठे आहे हे ‘ऑप्शन्स’च्या ‘फाइल्स’ पानावर ‘ऑटोमॅटिक सेव्ह फाइल लोकेशन’ येथे लिहिलेले असते. तिची प्रत काढून शेपटी ‘डीडब्ल्यूजी’ करा आणि उघडा. बॅक फाइलचेही तसेच. शेपट्या दिसत नसतील तर विंडोजच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा.

येथे दोन गोष्टी नीट समजून घ्या. मुले फसतात ती येथेच. आपोआप ठेवलेली फाइल ही कायमची प्रत नव्हे. तुम्ही ऑटोकॅड रीतसर बंद केले की ती आपोआप पुसली जाते. म्हणजे सेव्ह न करता ‘नो’ म्हणून बाहेर पडलात तर ती वाचवायला येणार नाही. दुसरी गोष्ट, बॅक फाइल एकच असते, शेवटच्या सेव्हच्या आधीची. खराब झालेली फाइल उघडून तुम्ही पुन्हा पुन्हा सेव्ह केली तर खराब फाइलच बॅक होते आणि चांगली कायमची जाते. म्हणून शंका आली की आधी बॅक फाइलची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा, मगच हात लावा.

लगाम हाती घेणारा हात

१९२९ साली मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. परतताना धुळे मार्गावरील एका गावच्या सामाजिक बहिष्काराची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावला उतरले. तो प्रसंग त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवला आहे. महाराला टांग्यातून नेणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण टांगेवाला हाकायला आला नाही. आपल्याच एका माणसाने लगाम धरला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला.

दोष त्या बिचाऱ्याचा नव्हता. बाबासाहेबांना पायी जावे लागू नये म्हणून त्याने जीव टांगणीला लावला होता. अन्याय टांगेवाल्यांचा होता. पण आपण एक शिकायचे ते हे, की ज्या कामापासून आपल्याला दूर ठेवले गेले, ते काम हाती आले की ते पुरते शिकून घ्यावे लागते. आज लगाम आपल्या मुलांच्या हाती आहे. चाक कोठे अडकते, हे त्यांना आधीच माहीत असले पाहिजे. अपमान करायला टपलेला माणूस निमित्त शोधत असतो. त्याला निमित्त मिळू देऊ नये.

रोजच्या पाच सवयी

काम सुरू करतानाच फाइलला नाव देऊन सेव्ह करा. नाव न दिलेल्या ड्रॉइंगवर दुपारपर्यंत काम करत बसू नका.

दर थोड्या वेळाने कंट्रोल-एस दाबा. चहाला उठताना, फोन घेताना, कोणी हाक मारली तर. ‘सेव्हटाइम’ हा आदेश देऊन आपोआप सेव्हची वेळ १० मिनिटांवरून ५ करा. बॅकअप प्रत काढण्याची खूण ‘ओपन अँड सेव्ह’ पानावर असते. ती काढली गेलेली नाही ना, ते पाहा.

रोज संध्याकाळी तारखेच्या नावाने नवी प्रत ठेवा. कालची फाइल कालचीच राहू द्या. हिशेबाच्या वहीत कालचे पान खोडून आजचे लिहीत नाहीत.

प्रत दोन ठिकाणी ठेवा, एकाच संगणकावर दोन फोल्डरमध्ये नव्हे. संगणक जळाला तर दोन्ही जातात. मात्र कार्यालयाचे काम घरी किंवा आपल्या ई-मेलवर न्यायचे असेल तर मालकाची परवानगी घ्या. नाहीतर काम वाचवायला जाल आणि चोरीचा आळ घेऊन याल.

घरी जाण्यापूर्वी फाइल एकदा बंद करून पुन्हा उघडून पाहा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. ती उघडली म्हणजे दिवसाची मजुरी पदरात पडली.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बाजारात फुकट मिळणारी कुलूप तोडलेली ऑटोकॅड घेऊ नका. ती मध्येच बंद पडते, व्हायरस घेऊन येते आणि कायद्याच्या कचाट्यातही आणते. शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क कंपनी एका वर्षासाठी मोफत परवाना देते, विद्यार्थी असेपर्यंत तो पुन्हा मिळवता येतो. धंद्याच्या कामाला मात्र तो चालत नाही. सरावासाठी लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड या पूर्ण मोफत प्रणाली आहेत.

जपलेले टिकते

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचे कितीतरी अप्रकाशित लिखाण वर्षानुवर्षे पेट्यांमध्ये बंद होते. १९७६ साली महाराष्ट्र शासनाने त्यासाठी समिती नेमली, वसंत मून यांनी कागद न कागद लावला, आणि १९७९ साली पहिला खंड निघाला. कागद जपले गेले नसते तर आज ते शब्द आपल्यापर्यंत आलेच नसते. ज्या समाजाचा लिहिलेला इतिहास फार उशिरा सुरू झाला, त्याने आपल्या हातचे काम गहाळ होऊ देता कामा नये. मग तो ग्रंथ असो, विहाराच्या जागेचा नकाशा असो, की कोणाच्या बंगल्याचा जिना असो.

माझी कार्यकर्त्यांना विनंती आहे. आपल्या प्रत्येक वस्तीत असे काम करणारा एकतरी तरुण किंवा तरुणी आहे. महिन्यातून एका रविवारी वंदना झाल्यावर विहारातच एक संगणक मांडून नवशिक्या मुलांना तासभर हे दाखवावे. फाइल मुद्दाम बंद पाडावी आणि मुलांच्या हाताने परत मिळवून घ्यावी. एकदा हाताने मिळवली की भीती जाते. आमच्याकडे असे दोन रविवार झाले. पहिल्या रविवारी ती जळगावची मुलगी खाली बसून ऐकत होती. दुसऱ्या रविवारी तीच शिकवत होती.

आणि आई-वडिलांनो, मुलगा किंवा मुलगी उदास होऊन घरी आली आणि म्हणाली की फाइल गेली, तर रागावू नका. हा मजकूर तिच्यापुढे ठेवा, गरम भाकरी वाढा, आणि विचारा, “बॅक फाइल पाहिलीस का?”

जयभीम.